कपाटातल्या १६० साड्या

वाचकाचं पत्र, थोडं संक्षेप करून:

«भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या विणकर सहकारी संस्थेची मी दीड वर्षापासून सचिव आहे. आधी सासरे बघायचे. कागदावर ४२ सभासद आहेत, माग चालतात १७, आणि तेही वर्षातले पाच-सहा महिनेच. बाकी दिवस सूत नसतं, नाहीतर रोवणी-कापणी असते. आम्ही कोशाची, म्हणजे टसर रेशमाची, करवतकाठी साडी विणतो. सूत-रंगाचे ३,३०० आणि मजुरीचे २,४०० धरून साडी ५,७०० ला पडते आणि ७,८०० ला विकतो. गेल्या वर्षी २५० साड्या गेल्या, त्यातल्या १६० प्रदर्शनात २० टक्के सवलतीत आणि ९० पूर्ण किमतीला. तरीही कपाटात १६० साड्या पडून आहेत आणि दोन महिन्यांची मजुरी द्यायची राहिली आहे. एक व्यापारी महिन्याला ६० साड्या उचलायला तयार आहे, ६,३०० रुपये भाव, ९० दिवसांची उधारी. समितीतले दोघे म्हणतात, चार पॉवरलूम टाकू आणि तोच शिक्का मारून विकू. माझी भाची म्हणते, ऑनलाइन विका. सगळ्यात चांगला काठ विणणारे काका ६८ वर्षांचे आहेत, त्यांच्याकडे शिकायला कोणी नाही. मला या कामाचं मानधन मिळत नाही, घरचे म्हणतात सोडून दे. काय करू?»

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना शेजारी कागद घेऊन बसलो. तुम्ही आकडे दिलेत याचं फार बरं वाटलं. सहकारी संस्थांच्या हिशेबात माझी बरीच वर्षं गेली. मदत मागायला येणारे बहुतेक लोक «परिस्थिती कठीण आहे» एवढंच सांगतात आणि त्यावरून काहीच सुचवता येत नाही. तुमच्या आकड्यांवरून मात्र पुष्कळ बोलता येतं.

व्यापारी, पॉवरलूम आणि ऑनलाइन, तिन्ही प्रस्ताव क्षणभर बाजूला ठेवू. आधी साडीची किंमत पाहू, कारण ५,७०० हा आकडाच चुकलेला आहे असं मला वाटतं.

पत्राच्या इथे गाळलेल्या भागात तुम्ही लिहिलंय की साडीला मागावर आठ दिवस लागतात आणि मजुरी २,४०० आहे. म्हणजे दिवसाला ३०० रुपये. पण घरात कांड्या कोण भरतं, म्हणजे आडव्या धाग्याचं सूत नळ्यांवर कोण गुंडाळतं? ताणा, म्हणजे उभे धागे, लावताना दुसऱ्या टोकाला कोण उभं राहतं? तुटलेला धागा सांधायला कोण बसतं? बहुतेक घरांत हे काम विणकराची बायको किंवा आई करते आणि तिचं नाव कुठल्याच वहीत नसतं. एका साडीमागे तिचे चार दिवस धरले तर बारा दिवसांचे २,४०० झाले, म्हणजे माणशी दिवसाला २००. रोवणीच्या दिवसांत त्याच बाईला शेतात याहून जास्त मिळतात, म्हणून त्या महिन्यांत माग थांबतात. ही मंडळी आळशी नाहीत, हिशेब करूनच शेतावर जातात.

देशाच्या चौथ्या हातमाग गणनेत, २०१९-२० च्या, या धंद्यात सुमारे ३५ लाख माणसं मोजली गेली आणि विणकरांमध्ये ७० टक्क्यांहून जास्त बायका निघाल्या. तुमच्या संस्थेच्या ४२ सभासदांत किती बायका आहेत, ते एकदा पाहा.

आता प्रदर्शनातल्या विक्रीकडे येऊ. ७,८०० वर २० टक्के सवलत म्हणजे १,५६० गेले. तुमच्या हिशेबातल्या २,१०० च्या नफ्यातून उरले ५४०. २५० साड्या विकल्या जातात आणि १६० पडून राहतात, म्हणजे एक साडी सरासरी आठ महिने कपाटात असते. तुमचं कॅश क्रेडिट, म्हणजे बँकेचं खेळत्या भांडवलाचं कर्ज, १२ टक्क्यांचं आहे असं धरलं तर आठ महिन्यांचं व्याज ४५६ होतं. उरले ८४. आणि स्टॉलचं भाडं, दोघांचा प्रवास, राहणं-जेवण? तुम्ही पत्राच्या त्याच गाळलेल्या भागात एका प्रदर्शनाचा खर्च १८,००० आणि विक्री ४५ साड्या अशी दिली आहे. साडीमागे ४०० झाले. सवलतीत विकलेल्या प्रत्येक साडीवर संस्था ३१६ रुपये पदरचे घालते आहे. वर्षाला अशा १६० साड्या. आणि प्रदर्शनाहून परत आल्यावर सगळ्यांना वाटतं, यंदा विक्री छान झाली.

म्हणून पहिलं काम वहीचं. शंभर पानी साधी वही घ्या, प्रत्येक साडीला एक ओळ. सूत किती ग्रॅम दिलं, साडी किती ग्रॅम आली, मागावर किती दिवस, घरच्या मदतीचे किती दिवस, कपाटात कधी गेली, कपाटातून कधी निघाली, पैसे हातात कधी आले. शेवटचे तीन रकाने कोणी लिहीत नाही आणि संस्था बुडतात त्या याच तीन रकान्यांत. हातमागाच्या धंद्यात सगळा माल दिवसांचा असतो. विणण्यात गेलेले दिवस आणि पैसे परत यायला लागलेले दिवस, दोन्ही मोजल्याशिवाय किंमत ठरवता येत नाही.

मी माझ्यापरीने मांडून पाहिलं. विणकराला दिवसाला ३५० प्रमाणे आठ दिवसांचे २,८००, घरातल्या मदतनीसाला २५० प्रमाणे चार दिवसांचे १,०००, सूत-रंग ३,३००, पॅकिंग, वाहतूक, डागी माल आणि कार्यालयीन खर्चाचे ५००, तीन महिन्यांचं व्याज २२८. बेरीज ७,८२८. म्हणजे आज तुम्ही पूर्ण किमतीला विकता तीही साडी खर्चाला २८ रुपये कमीच पडते. यावर २० टक्के धरले तर किंमत ९,४०० च्या आसपास येते. एवढी घ्या. नवीन साड्यांना नवी किंमत लावा, कपाटातल्यांना जुनीच ७,८०० राहू द्या, पण सवलत नको.

एवढ्या किमतीला घेणार कोण, असं समितीत कोणीतरी विचारेल. गेल्या वर्षी ९० जणांनी सवलत न मागता घेतली, ते लोक कोण होते? त्यांची नावं आणि फोन नंबर तुमच्याकडे आहेत का? नसतील तर तुमच्या धंद्यातली सगळ्यात मोठी मालमत्ता तुम्ही टिपूनच ठेवलेली नाही. बिलबुकं काढा, जुने व्हॉट्सॲप चाळा, जेवढे मिळतील तेवढे शोधा. या ९० जणांना प्रत्येकी एक फोन करा. विकायला नको, फक्त विचारा: साडी कशी चालली, धुतल्यावर काठ कसा राहिला, कोणी पाहून विचारलं का?

आता काठाबद्दल, कारण तुमचा सगळा धंदा त्या दोन काठांवर उभा आहे आणि तो ग्राहकाला कसा दाखवायचा हे तुमच्या पत्रात कुठेच आलं नाही. करवतकाठी तीन धोट्यांवर विणतात. धोटा म्हणजे आडवा धागा इकडून तिकडे नेणारं मागाचं साधन. मधला धोटा अंगाचा, कोशाच्या धाग्याचा. बाजूचे दोन काठांचे, सुती. अंगाचा धागा आणि काठाचा धागा जिथे भेटतात तिथे विणकर ते एकमेकांत अडकवतो आणि तिथेच करवतीचे दात उठतात. काठाला स्वतःचा आडवा धागा असल्यामुळे त्याचा रंग भरीव दिसतो. नकली साडीत एकच धागा या काठापासून त्या काठापर्यंत धावतो, त्यामुळे काठाच्या लालात अंगाचा फिकट पिवळा मिसळतो आणि लाल विटल्यासारखा दिसतो. खिडकीशी उभं राहून काठ उलटा धरला की हा फरक कुणालाही दोन सेकंदांत कळतो. तुमच्या भाचीला सांगा, ऑनलाइनचा पहिला व्हिडिओ हाच काढ. काकांचा हात, तीन धोटे, मग उलटा काठ उन्हात. बोलणं वऱ्हाडी-झाडी जसं घरात बोलता तसंच असू द्या.

पॉवरलूमचा प्रस्ताव इथेच संपतो. १९८५ च्या हातमाग आरक्षण कायद्याने काही प्रकारची वस्त्रं हातमागासाठी राखून ठेवली आहेत, आज ११ आहेत, आणि त्यांत साडी आहे. करवतकाठीला भौगोलिक मानांकनही (जीआय) आहे, म्हणजे ठरलेल्या भागातल्या मालालाच ते नाव लावता येतं. ते नाव खोटं लावलं तर १९९९ च्या कायद्यानुसार सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि किमान ५०,००० रुपये दंड अशी शिक्षा आहे. पण कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी हा धंदा तुमचा नव्हे. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीला पिढ्यानपिढ्या यंत्रमाग चालतात. सूत कुठे स्वस्त, मेकॅनिक कोण, वीज किती, हे तिथल्या पोरालाही पाठ असतं. चार माग घेऊन तुम्ही त्या बाजारात सगळ्यात छोटे आणि सगळ्यात महाग ठराल. आणि पहिल्या फसलेल्या गिऱ्हाइकाने काठ उलटा करून पाहिला की काकांची साडीही संशयात येईल.

समितीतल्या त्या दोघांना एक गोष्ट जरूर आठवून द्या. १८७७ मध्ये नागपुरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. तेव्हा विदर्भातल्या कोष्ट्यांचं संपलं असंच वाटण्यासारखी परिस्थिती होती आणि पुष्कळ घरं मागावरून उठून गिरणीत गेलीही. जे मागावर राहिले त्यांनी गिरणीला न परवडणारं काम धरलं, म्हणजे काठाचं. गिरणीचा भोंगा केव्हाच थांबला. करवतकाठी तुमच्या गावात आजही विणली जाते.

मानांकनाचं आणखी एक. संस्थेच्या भागाला ते मिळालंय एवढ्यावर थांबू नका. ते नाव अधिकृतपणे वापरायचं तर प्रत्येक उत्पादकाला «अधिकृत वापरकर्ता» म्हणून स्वतंत्र नोंदणी करावी लागते. १७ माग चालवणाऱ्यांचे अर्ज एकाच दिवशी बसून भरा. हँडलूम मार्कचंही काम उरकून घ्या. हा केंद्र सरकारचा शिक्का आहे, २००६ पासून चालू आहे. परगावच्या गिऱ्हाइकाला संस्थेचं नाव माहीत नसतं, शिक्का ओळखीचा असतो.

आता व्यापारी. मी त्याला वाईट म्हणत नाही. पण ६० साड्या तीन महिने उधारीवर म्हणजे तुमच्याच जुन्या खर्चाने ६० गुणिले ५,७००, महिन्याला ३,४२,००० आणि तीन महिन्यांत १०,२६,००० त्याच्याकडे अडकले. सभासदांची दोन महिन्यांची मजुरी द्यायला ज्या संस्थेकडे पैसे नाहीत ती संस्था व्यापाऱ्याला दहा लाख बिनव्याजी देणार का? शिवाय १७ माग पूर्ण चालले तरी महिन्याला ५१ साड्या होतात. ६० चा शब्द दिला की घाई होते, आणि घाईत पहिला बिघडतो तो काठ.

मी हे एकदा फार जवळून पाहिलं आहे. एका संस्थेने मोठ्या दुकानाला असाच माल दिला. पहिली दोन देणी वेळेवर आली, तिसऱ्या वेळी «माल उठला नाही» म्हणून निम्म्या साड्या परत आल्या, घडीवर पिवळ्या पडलेल्या, काहींना अत्तराचा वास. करार लेखी नव्हता. हिशेब मी लिहीत होतो आणि लेखी करार करा हे सुरुवातीलाच ठामपणे सांगायला हवं होतं, ते मी सांगितलं नाही. त्याची बोच आजही आहे.

व्यापाऱ्याला नाही म्हणू नका, वेगळं काहीतरी सांगा. महिन्याला १५ साड्या, भाव तुमच्या नव्या खर्चाच्या वर, सूताची रक्कम आगाऊ, बाकी माल घेताना. परत घेणार नाही. तो हसेल, घासाघीस करेल. जास्तीत जास्त ४५ दिवसांपर्यंत या आणि तेही कागदावर. संस्थेची उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योग म्हणून सरकारी नोंद, नसेल तर आधी ती करा, फुकट होते. २००६ च्या सूक्ष्म, लघु उद्योगांच्या कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी ४५ दिवसांत पैसे द्यावेच लागतात, उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट, तेही चक्रवाढ व्याज लागतं. भांडायला जायची वेळ येऊ नये, पण बिलावर उद्यम क्रमांक छापलेला दिसला की समोरचा माणूस तारीख लक्षात ठेवतो.

न दिलेली मजुरी मात्र आत्ता, सगळ्याच्या आधी. १७ माग, महिन्याला तीन साड्या, दोन महिने: २,४४,८००. कपाटातल्या ३२ साड्या पूर्ण किमतीला गेल्या की एवढे पैसे उभे राहतात. १६० मधल्या ३२. त्या निवडताना उत्तम ३२ काढा, डागी माल आधी संपवायची सवय सोडा. तुमच्याकडे भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात. दोन्ही महालक्ष्म्यांना साडी नेसवायची असते आणि नागपूर-अमरावतीहून पुण्या-मुंबईला गेलेल्या घरांतही तोच रिवाज असतो. त्याच्या सहा आठवडे आधी त्या ९० जणांना कळवा: जोडी हवी असेल तर आत्ता सांगा. पैसे आले की ज्या घराची मजुरी सगळ्यात जुनी थकली आहे त्या घरापासून सुरुवात करा आणि कोणाला किती दिले ते संस्थेच्या भिंतीवर लावा. बँकेचं कर्ज त्यानंतर. बँक महिनाभर थांबेल, विणकर एकदा मागावरून उठला की परत बसत नाही.

ऑनलाइनला माझा होकार आहे, पण छोट्या प्रमाणात. महिन्याला दहा साड्या, जास्त नाही. फोटो दिवसाउजेडी, अंगणात काढा. कोशाचा रंग प्रत्येक खेपेला थोडा बदलतो हे आधीच लिहा, म्हणजे परत येणाऱ्या साड्या कमी होतील. तामिळनाडूच्या को-ऑप्टेक्स या विणकरांच्या सहकारी संघाने साडीसोबत विणकराचं नाव आणि फोटो द्यायला सुरुवात केली. तसं तुम्हीही करा आणि कार्डावर दोन नावं लिहा: ज्याने विणली त्याचं आणि जिने कांड्या भरल्या तिचं.

काकांचं सगळ्यात महत्त्वाचं, म्हणून ते शेवटी ठेवलं होतं. «शिकायला कोणी येत नाही» असं तुम्ही लिहिलंत. पण शिकवण्याचे पैसे काकांना कोण देतं? शिकवायला बसले की त्यांचा माग थांबतो, त्यांच्या मजुरीत घट येते. आणि शिकणाऱ्याने पहिले सहा महिने उपाशी शिकावं अशी आपली अपेक्षा असते. असं कोणीच शिकणार नाही. आठवड्यातून दोन दिवस काकांना पूर्ण मजुरी देऊन फक्त शिकवायला बसवा. शिकाऊ मुला-मुलींना आधी साधा कोशाचा दुपट्टा विणू द्या, करवत नको, तीन धोटे नकोत. दुपट्टा दोन-तीन दिवसांत उतरतो, लवकर विकला जातो आणि पोराच्या हातात आठवड्यातच पैसे येतात. करवत दुसऱ्या वर्षी. काकांचा मुलगा कुरिअरचं काम करतो, तो येईलच असं नाही, पण शेजारच्या आळीतली एखादी दहावी झालेली मुलगी येईल. तिला विचारा, तिच्या वडिलांना नंतर.

सहकारी संस्था कायद्याने निव्वळ नफ्याचा किमान चौथा हिस्सा राखीव निधीत जातो. तो गेल्यावर जे उरेल त्यातला वाटा शेअरवर कमी आणि विणलेल्या साड्यांवर जास्त द्यायचा विचार वार्षिक सभेत मांडा. त्याआधी तुमच्या लेखापरीक्षकाशी बोलून घ्या. माग बंद असलेले २५ सभासद कुरकुरतील. त्यांच्यातले दोघे-तिघे माग पुसून परत बसले तर ती कुरकुर सार्थकी लागली.

राहिलं तुमच्या मानधनाचं. मी वर ५०० रुपये कार्यालयीन खर्च धरला, त्यातले साडीमागे १०० तुमचे आहेत. वर्षाला २५० साड्यांचे २५,०००. फार नाहीत, पण ते वहीत खर्च म्हणून लिहिले गेले पाहिजेत, मेहरबानी म्हणून नव्हे. पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय तुम्ही स्वतः घाला. संकोच वाटत असेल तर सासऱ्यांना मांडायला सांगा. त्यांनी ते काम फुकट केलं आहे, त्याची किंमत त्यांना नक्की ठाऊक असेल.

महालक्ष्म्या झाल्या की वहीची पहिली दहा पानं मला पाठवा. आकडे चुकलेले असले तरी चालतील, रकाने रिकामे नकोत.